रक्तदान करून 'कळतंय का' ते बघू नकोस

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा आहे. पुण्यात शिकायला आलोय, चौघं मित्र खोली घेऊन राहतो. अडीच महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका मुलीशी एकदाच संबंध आला, निरोध वापरला नव्हता. 'चांगल्या घरातली आहे, काही होत नाही,' असं मित्र म्हणतात. मला झोप लागत नाही. एक जण म्हणतो, मंडळाच्या शिबिरात रक्तदान कर, एचआयव्ही असेल तर तेच कळवतील. सरकारी दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर? घरी कळेल का?

उत्तर : आधी शिबिराचं. तिथे मुळीच जाऊ नकोस. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते, हे खरं. पण लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ती चाचणीत दिसेलच असं नाही. तेवढ्या काळात दिलेली पिशवी 'चांगली' ठरून पुढे जाऊ शकते, एखाद्या थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकते. तुझ्या मित्राच्या मनात वाईट काही नाही, मला ठाऊक आहे. तरीही त्याला हे आजच सांग.

मी चौदा वर्षं तालुक्याच्या रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक होते. तुझ्या वयाची मुलं यायची ती 'मित्रासोबत आलोय' असं सांगत. एक जण तर क्षयरोगाचं पोस्टर तासभर वाचत उभा होता. शेवटी मीच बाहेर जाऊन त्याला पाणी दिलं. आत आल्यावर पहिलं वाक्य तुझंच : 'ताई, ती तसली नाही.' अरे, तसली-अशी काही नसतं. विषाणूला घराणं कळत नाही. निरोध होता की नव्हता, एवढंच विचारायचं. एकाच वेळच्या संबंधातून लागण होण्याची शक्यता कमी असते, पण चाचणीशिवाय 'नाही' म्हणता येत नाही.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जा. चाचणी मोफत असते, निकाल बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो. अठरा पूर्ण आहेत, त्यामुळे संमतीची सही तुझी तूच करायची. २०१७च्या एचआयव्ही कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. घरी फोन जात नाही. आत्ता एकदा तपासून घे आणि संबंध आला त्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा. पहिल्या चाचणीत काही आढळलं तरी तो शेवटचा शब्द नसतो, वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतरच निदान करतात. लागण निघालीच, तर औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. ती नेमानं घेणारी माझ्याकडची मुलं आज नोकऱ्या करतात, त्यांची लग्नं झालीत.

असा प्रसंग पुन्हा आला, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठायचं. लागण टाळणाऱ्या गोळ्या तेव्हाच सुरू करता येतात, पुढे २८ दिवस घ्याव्या लागतात. तुझी ती वेळ निघून गेली, म्हणून आता चाचणी. इतर गुप्तरोगांचंही तिथेच विचार, लाजू नकोस.

आणि त्या मुलीशी बोललास का? तीही कदाचित एकटीच जागत असेल. जमलं तर दोघं जा.

ओपीडीत सकाळी गर्दी असते, ती दुपारी बाराच्या सुमारास ओसरते. तेव्हा गेलास तर रांगेत फारसं कुणी नसेल. त्याआधी नुसतं बोलायचं असेल, तर १०९७ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे.