दुर्खीमच्या व्याख्येत 'अपवित्र' की 'लौकिक'?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून, बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमच्या धर्माच्या व्याख्येत 'पवित्र'च्या जोडीला कुठे 'अपवित्र' वाचायला मिळतं, कुठे 'लौकिक'. बरोबर कोणतं?

'लौकिक'च लिहा. 'अपवित्र'मुळे व्याख्या हातची जाते.

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ टायलरनं १८७१ मध्ये धर्म म्हणजे आत्मिक शक्तींवरचा विश्वास, असं सुटसुटीत सांगितलं होतं. दुर्खीमला ते पटलं नाही. बौद्ध धर्म त्यात नीट बसत नाही, कारण त्याच्या गाभ्याशी देव नाही. (दीक्षाभूमीला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) म्हणून १९१२ च्या ग्रंथात त्यानं देवाची अट काढली. समाज कोणत्या गोष्टी रोजच्या व्यवहारातून वेगळ्या काढतो, त्यांना कोणते निषेध लावतो आणि त्यातून माणसं एका नैतिक समुदायात कशी बांधली जातात, हे त्यानं पाहिलं.

आपला पोळाच घ्या. आदल्या आठवड्यात डवऱ्याला जुंपलेला बैल. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, त्याचा खांदा हळद-तुपानं शेकायचा आणि म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा निषेध. झूल घालून तो तोरणाखाली उभा राहतो, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, सारं गाव तिथं असतं. सण सरला की तोच बैल पुन्हा कामाला. मग तो अपवित्र झाला का? कोणता शेतकरी असं म्हणेल? तो रोजचा झाला, इतकंच. दुर्खीमच्या 'प्रोफेन' (profane) या शब्दाचं लॅटिन मूळही 'देवळाबाहेरचं' एवढंच सांगतं. त्यात मळ नाही, विटाळ नाही.

उलट विटाळ, सुतक या गोष्टी रोजच्या नसतातच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मारबतीचा पुतळा मिरवत जे अशुभ गावाबाहेर घालवतात, त्यालाही विधी लागतो, ठरलेला दिवस लागतो. दुर्खीमनं शुभ आणि अशुभ ही दोन्ही टोकं पवित्राच्याच क्षेत्रात धरली आहेत. म्हणजे 'अपवित्र' हा शब्द कुंपणाच्या आतला. त्यानं बाहेरचं कसं दाखवणार?

'लौकिक'लाही एक खोट आहे. तो म्हटला की 'अलौकिक' आठवतं आणि टायलर मागच्या दारानं आत येतो. तेव्हा उत्तरपत्रिकेत कंसात 'रोजच्या व्यवहारातलं' असं जरूर लिहा.