भाताचा वाडगा, नाव मात्र चहाचं

प्रश्न असा आहे: जपानीत 'चा' म्हणजे चहा आणि 'वान' म्हणजे वाडगा. मग जपानी घरांत 'चावान'मध्ये भात का वाढतात?

शब्दाची फोड अगदी बरोबर आहे. चावान हे मूळचं चहाचंच भांडं. चहा-समारंभात माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, घुसळतात त्या वाडग्याला आजही चावानच म्हणतात. पुढे एदो काळात (१६०३–१८६८) चिनी मातीची भांडी साध्या घरांत पोचली, तशाच वाडग्यात भात वाढू लागले आणि नाव तेच राहिलं. आपला स्टीलचा तांब्या आठवा. किंवा शेंगदाण्याचं तेल! तांबं गेलं, तीळ गेले, शब्द टिकला.

मग रोजचा चहा कशात पितात? 'युनोमि'त. यु म्हणजे गरम पाणी, नोमि म्हणजे पिणं. भाताच्या वाडग्याच्या नावात चहा आणि चहाच्या पेल्याच्या नावात चहाचा पत्ता नाही! ही जोडी मला फार आवडते. नेमकं सांगायचं तेव्हा 'गोहान-जावान', म्हणजे भाताचं चावान, म्हणतात. समासात 'चा'चा 'जा' होतो; जगत् + ईश = जगदीश म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल वाटू नये.

सूप मात्र लाखकाम केलेल्या लाकडी वाडग्यात. तोही 'वान'च, पण चित्रलिपीत त्याच्या अक्षराला झाडाची खूण असते आणि चावानमधल्या 'वान'ला दगडाची. ऐकताना दोन्ही एकच, लिहिताना भांडं कशाचं ते कळतं.

बऱ्याच घरांत प्रत्येकाचं चावान वेगळं आणि जेवायच्या काड्याही, म्हणजे 'हाशी', ज्याच्या त्याच्या. काड्यांची जोडी मोजायची तर 'इचि-झेन', म्हणजे एक झेन. गंमत म्हणजे वाढलेला एक वाडगा भातही इचि-झेनच. (ध्यानाच्या झेनशी याचा संबंध नाही, ते अक्षर निराळं.) हे झेन म्हणजे पूर्वी एकेकाचं जेवण मांडून पुढे ठेवत ती छोटी चौकी. त्या चौकीवरून आधी जेवण आणि मग मोजण्याचं मापच ठरलं. पंगत उठल्यावर आपण 'पन्नास पानं झाली' म्हणतो, तेव्हा केळीची पानं थोडीच मोजत असतो?