तीन प्रश्नांनंतरची पाळी

प्रश्न : मी सोलापुरात पत्रकारिता शिकते. अमेरिकी टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांच्या कामातून काय घ्यावं? मी विडी कामगार बायकांच्या मुलाखती घेते, पण त्या ‘हो-नाही’पलीकडे बोलत नाहीत. आवाजही खराब येतो.

उत्तर : वॉल्टर्स १९६१ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या ‘टुडे’ कार्यक्रमात लेखनाच्या कामावर लागल्या. पुढे फ्रँक मॅगी तिथे सूत्रधार झाले आणि स्टुडिओतल्या महत्त्वाच्या मुलाखतीत पहिले तीन प्रश्न त्यांचे, मगच बाईंची पाळी, असा नियम झाला. बाईंनी मग स्टुडिओबाहेरचे पाहुणे स्वतः मिळवले. १९७६ मध्ये एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर त्या संध्याकाळच्या राष्ट्रीय बातमीपत्राच्या पहिल्या महिला सहनिवेदक झाल्या, १९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना एकत्र मुलाखतीत बोलतं केलं. आमच्या मते त्यांच्याकडून घ्यायची ती तयारी. त्या कार्डांवर ढीगभर प्रश्न लिहायच्या, मग क्रम लावत गाळत जायच्या.

तुम्हीही एका कार्डावर एकच प्रश्न लिहा. ‘मजुरी कमी मिळते का?’ याला ‘हो’ एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा : हजार विड्या वळायला किती वेळ जातो? पानं खराब निघाली तर तूट कोण भरतं? बाद विड्यांचं काय होतं? मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे हिशेब त्यांना तोंडपाठ असतो आणि त्यावर त्या भरभरून बोलतात. घरात तेलुगू असेल तर तेलुगूतच बोलू द्या, खाली मराठी ओळी देता येतात. उत्तर चालू असताना ‘हं, हं’ करू नका, नुसती मान हलवा. तुमचा आवाज तिच्या शब्दांवर चढला की बाईट, म्हणजे बातमीत वापरायचा बोलण्याचा तुकडा, कापता येत नाही.

कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पदराला लावला तर पदर सरकताच खरखर येते, मंगळसूत्राचे मणीही त्यावर वाजतात. ते आधी बाजूला घ्यायला सांगा. पंखा रेकॉर्डिंगपुरता बंद करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे जड जातं, म्हणून एका वेळी पाचेक मिनिटंच घ्या. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे भिंतींवर जाड चादरी टांगा. रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि हेडफोन लावूनच ऐका. खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा घ्या, संकलनात दोन बाईट जोडताना लागतो.

मजुरीच्या तक्रारीवर बोलणाऱ्या बाईला चेहरा दाखवायचा का, हे कॅमेरा लावण्याआधी विचारा. तिचं काम बंद होऊ शकतं. ती नको म्हणाली तर पान कापणारे, दोरा गुंडाळणारे हात जवळून घ्या.