दोन स्कोपींच्या मध्ये खोली किती वेळ रिकामी ठेवावी?

तुमची अडचण थोडक्यात अशी: नाशिकच्या कॉलेज रोडला सेंटर, दहा बाय बाराची खोली, स्प्लिट एसी, दिवसाला आठ-दहा स्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून केलेल्या तपासण्या. पेशंटच्या खोकल्यातून हवेत उडणाऱ्या जंतूंसाठी जंतू मारणारा यूव्ही लाइट घ्यावा की हवा गाळणारा प्युरिफायर, आणि दोन पेशंटमध्ये किती वेळ सोडावा? मी एकोणीस वर्षं एंडोस्कोपी टेक्निशियन म्हणून काढली आहेत, त्या अनुभवावर सांगतो.

खरेदीचं नंतर बघू. आधी एक उदबत्ती आणा. खोलीत पेशंट नसताना, ऑक्सिजन बंद करून, एसी आणि पंखा मात्र रोजच्यासारखा चालू ठेवून दार लावा आणि बाहेरून दाराखालच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मी आधी जिथे होतो तिथे तो उलट बाहेर फेकला गेला, थेट बाकड्यावर बसणाऱ्यांच्या अंगावर. एक्झॉस्ट पंखा उलटा बसवलेला होता आणि तीन वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आवाज येतोय म्हणजे काम चाललंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आत आणत नाही. त्यात नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडायची म्हटलं की सिस्टरपासून पेशंटपर्यंत सगळे कुरकुरतात.

आता वेळेचं. खोलीतली हवा ताशी १२ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला साधारण २३ मिनिटं लागतात. ताशी ६ वेळा असेल तर ४६. दोनदाच बदलत असेल तर १३८, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर! हे आकडेही हवा नीट मिसळते असं धरून काढलेले. कोपऱ्यात कपाट आणि मागे ट्रॉली कोंबलेल्या खोलीत वेळ जास्तच लागणार. म्हणून 'दहा मिनिटं सोडतो' याला अर्थ नाही, आधी हवा किती वेळा बदलते ते काढा.

तुमची खोली दहा फूट उंच धरली तर १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. ताशी ३०० घनमीटर स्वच्छ हवा देणारा हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा) प्युरिफायर जवळपास नऊ बदलांइतकं काम करतो. पण तो आकडा पूर्ण स्पीडचा असतो, आणि आवाजाला कंटाळून सगळे तो मंद करून ठेवतात. शिवाय पेशंटच्या तोंडावरून डॉक्टरांकडे झोत जाईल असा ठेवू नका. यूव्हीवर पैसे घालवू नका असं माझं मत. उघडा दिवा माणसं असताना लावता येत नाही, आणि खोकला तर माणसं असतानाच येतो.

कण कमी उडतील हेही बघा. घसा बधिर करायला झायलोकेनचा स्प्रे मारला की काही पेशंट तिथेच खोकायला लागतात. त्याऐवजी व्हिस्कस, म्हणजे तेच औषध घट्ट पातळ रूपात, चालेल का, डॉक्टरांना विचारा. बायोप्सीचा (तपासणीसाठी तुकडा घेण्याचा) चिमटा ओढताना, तो ज्या पोकळीतून आत जातो त्या चॅनेलच्या रबरी टोपीतून बारीक फवारा उडतो, माझ्या चष्म्यावर कितीदा आलाय. टोपी सैल झाली की बदला, चिमटा काढताना वर गॉज धरा.

एन-९५ मास्क खोलीतल्या प्रत्येकाला, ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनासुद्धा. दाढीवर तो बसत नाही, कडेने हवा शिरते.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं, असा पेशंट दिसला तर घाई नसल्यास टीबीसाठी आधी थुंकीची तपासणी करून घ्या. स्कोपी थांबवता येत नसेल तर त्याला शेवटचा नंबर द्या, म्हणजे त्यानंतर खोली रात्रभर मोकळी राहते. ब्रॉन्कोस्कोपीही (श्वासनलिकेत नळी घालून केलेली तपासणी) त्याच खोलीत करायचा विचार असेल तर आधी एक्झॉस्ट पंख्याचं काम उरका. तिथे पेशंट जवळजवळ पूर्ण वेळ खोकत असतो.