फॉर्मल नाइटला केबिनमध्ये बसू नका

क्रूझ प्रवासाबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देणारे लेखक 18 वर्षं प्रवासी जहाजांच्या डायनिंग रूममध्ये होते. त्यातली शेवटची 7 वर्षं त्यांनी मेत्र डी म्हणून, म्हणजे दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करण्यात घालवली.

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त आहोत. मुलाने आमच्यासाठी 7 रात्रींची क्रूझ बुक केली आहे आणि माहितीपत्रकात ‘2 फॉर्मल नाइट्स’ असं छापलं आहे. यजमानांनी उभ्या आयुष्यात सूट घातलेला नाही. ‘त्या दोन रात्री मी केबिनमध्येच जेवीन, तू जा,’ असं त्यांनी सांगून टाकलंय. मला एकटीला जायचं नाही. सूट शिवावाच लागेल का?

उत्तर : ताई, शिवू नका. त्यांना हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण दोन रात्रींच्या धास्तीने नको.

आधी कंपनीच्या वेबसाइटवरचं पोशाखाचं पान नीट वाचा, कारण ‘फॉर्मल’ या शब्दाचा अर्थ दर कंपनीगणिक बदलतो. क्युनार्डच्या जहाजांवर गाला इव्हनिंग असते. तिथे पुरुषांकडून डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय किंवा बो यांची अपेक्षा असते. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही त्यांच्या नियमात बसतो. कार्निव्हलवर याच प्रकाराला ‘एलिगंट’ रात्र म्हणतात. 2 ते 5 दिवसांच्या सफरीत अशी एक रात्र, 6 दिवस किंवा जास्त असतील तर दोन. तिथे चांगली पँट आणि कॉलरचा शर्ट पुरतो, सूट ज्याला हवा त्याने घालावा. सेलेब्रिटी या कंपनीने फॉर्मल नाइट हे नावच काढून ‘इव्हनिंग शिक’, म्हणजे झोकदार संध्याकाळ, असं केलं. नॉर्वेजियन कंपनीने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’, म्हणजे हवं तेव्हा हवं तिथे जेवायची पद्धत, आणली तेव्हापासून तिथे फॉर्मल रात्रीची सक्ती नाही. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर फॉर्मल रात्र मुळी नाहीच. तेव्हा तुमच्या पत्रकातला ‘फॉर्मल’ यांतला नेमका कोणता, ते कळल्याशिवाय शिंप्याकडे जाऊ नका.

दुसरी गोष्ट मी दारात उभा राहून हजारदा सांगितली आहे. पोशाखाचा नियम खोलीचा असतो. मुख्य डायनिंग रूमला तो लागू असतो, काही जहाजांवर थिएटर आणि बारनाही असतो. पण त्याच रात्री बुफे उघडा असतो आणि तिथे साध्या नीटनेटक्या कपड्यांत जाता येतं. क्युनार्डसारख्या पोशाखाबाबत काटेकोर कंपनीनेसुद्धा गाला रात्री न सजणाऱ्यांसाठी बुफे, पब अशा जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. म्हणजे यजमानांनी ठरवलंच, तरी केबिनमध्ये ट्रे घेऊन बसायची वेळ येत नाही. दोघं मिळून बुफेला जा, खिडकीपाशी बसा.

पण माझं मन विचाराल तर त्यांनी डायनिंग रूममध्ये यावं. फॉर्मल रात्र बहुधा अशा दिवशी असते, जेव्हा जहाज बंदराला न लागता दिवसभर समुद्रात असतं. कुणी उन्हातून दमून आलेलं नसतं, तयार व्हायला सगळ्यांना वेळ मिळतो. एरवी पोहण्याच्या तलावाशी टॉवेल गुंडाळून फिरणारी माणसं त्या रात्री जिन्यावरून सावकाश उतरतात, एकमेकांचे फोटो काढून देतात. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात नवराबायको एकमेकांसाठी असे किती वेळा तयार होतात? ते मी दर फॉर्मल रात्री पाहिलं आहे. तुमच्या यजमानांचं ते हुकू नये असं मला फार वाटतं.

ते आले तर काय घालावं? काळी किंवा गडद निळी पँट, पांढरा किंवा फिकट रंगाचा लांब बाह्यांचा शर्ट, एक टाय, पॉलिश केलेले काळे बूट आणि घरात असेल ते गडद जॅकेट. बहुतेक जहाजांवर एवढ्यात ते कुठेही उठून दिसणार नाहीत. जॅकेट नसेलच तर कंपनीला आधी फोन करून विचारा, काही जहाजांवर ते भाड्याने मिळतं. दुसऱ्या फॉर्मल रात्री तेच जॅकेट, फक्त टाय वेगळा. तुम्हीही दोन्ही रात्री एकच पोशाख नेसलात, घातलात तरी चालेल. कोण कालच्याच कपड्यांत आलंय, हे 18 वर्षांत कुठल्या टेबलावर मोजताना मी ऐकलं नाही. शाल मात्र जवळ ठेवा, डायनिंग रूममध्ये एसी जोरात असतो. आणि बूट-चपला सपाट घ्या. जहाज हललं की संगमरवरी जिन्यावर टाचांचे बूट दगा देतात.

एक प्रसंग सांगतो. जहाजाचं नाव सांगत नाही. एक साठीचे गृहस्थ एकटेच चढले. विमानात त्यांची बॅग मागे राहिली होती आणि ते अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते. दुसऱ्याच रात्री फॉर्मल डिनर. मी दारात उभा असताना ते काचेपर्यंत आले, आत पाहिलं आणि वळून निघून गेले. तिसऱ्या रात्रीही तसंच झालं. ती रात्र तर साधी होती, पण त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या केबिन स्ट्युअर्डला विचारलं तेव्हा कळलं, दोन्ही रात्री ट्रे आत गेला होता आणि निम्मा भरलेलाच बाहेर आला होता.

आमच्याकडे रिसेप्शनमागच्या कपाटात अशा वेळेसाठी पाच जॅकेटं होती. त्यातलं एक त्यांना खांद्यात बरोबर बसलं, पण बाह्या दोन बोटं लांब. लॉण्ड्रीतला आमचा एक सहकारी उलट्या टोपलीवर बसला, दोन्ही बाह्या आत दुमडून त्याने धावदोरा घातला आणि इस्त्री फिरवली. दहा मिनिटांचं काम. पुढच्या फॉर्मल रात्री ते गृहस्थ सहा जणांच्या टेबलावर बसले आणि खोली रिकामी होईपर्यंत उठले नाहीत. सफर संपताना जॅकेट परत आलं ते हँगरवर, ब्रश मारून. धावदोरा त्यांनी स्वतःच्या हाताने उसवला होता, दोऱ्याचा तुकडाही राहिला नव्हता.

त्यांनी पहिल्या दिवशी एक शब्द जरी विचारला असता, तरी त्यांच्या दोन रात्री वाया गेल्या नसत्या. दारातल्या माणसाला तुम्हाला परत पाठवायची हौस नसते. यजमानांना तेवढं नक्की सांगा.

जाता जाता पहिल्या रात्रीबद्दल. ती जवळजवळ सगळीकडे साधीच असते, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवरही पहिल्या आणि शेवटच्या रात्री सजून न येण्याची रीत होती. पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसायच्या, शेवटच्या रात्री बांधून झालेल्या असायच्या. तुम्ही हातातल्या छोट्या बॅगेत कपड्यांचा एक स्वच्छ जोड ठेवा, म्हणजे झालं.

प्रश्न : आम्ही पोशाखाचा नियम पाळून, जॅकेट-टायसह जेवायला गेलो. शेजारच्या टेबलावर एक जण चक्क हाफ पँटमध्ये बसला होता आणि कुणी काही बोललं नाही. मग आम्ही एवढं सामान वाहून का न्यायचं?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. नियम छापायचा आणि दारात ढिला सोडायचा, यात ज्याने तो मनापासून पाळला त्याचाच अपमान होतो. एकदा माणूस टेबलावर बसला, पुढ्यात सूप आलं, की त्याला उठवणं म्हणजे साऱ्या खोलीसमोर त्याचा पाणउतारा. म्हणून जे सांगायचं ते दारातच, बाजूला घेऊन, हळू आवाजात. तिथे चूक झाली असेल तर ती आमच्यासारख्यांची.

पण मी स्वतः एकदा एका हाफ पँटवाल्यांना आत सोडलं होतं. त्या दुपारी किनाऱ्यावर घसरून त्यांचा गुडघा एवढा सुजला होता की पट्टी बांधल्यावर पँट चढत नव्हती. वर त्यांनी जॅकेट आणि टाय घातला होता. मी त्यांना भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं, टेबलक्लॉथ थोडा खाली ओढला. तरी एका बाईंनी तक्रार केलीच, आणि त्यांना कारण सांगणं मला योग्य वाटलं नाही, कारण दुखणं त्या गृहस्थांचं होतं.

तुमच्या शेजाऱ्याचं तसं काही असेल असं मी म्हणत नाही. पुष्कळदा काहीच कारण नसतं. पण तुम्ही त्याला स्वतः बोलू नका, त्याच्याकडे बघून आपसात कुजबुजूही नका. हेड वेटरला दोन वाक्यांत सांगा. त्याला ठाऊक असतं कुणाला काय म्हणायचं. आणि सफरीनंतर कंपनी अभिप्राय मागते, त्यात तारीख, वेळ आणि डायनिंग रूमचं नाव घालून लिहा. नुसतं ‘शिस्त राहिली नाही’ असं लिहिलेलं कुणापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : जेवण झाल्यावर केबिनमध्ये जाऊन टी-शर्ट घालून थिएटरला गेलं तर चालतं का?

उत्तर : जहाजावर अवलंबून आहे. क्युनार्डवर संध्याकाळी 6 नंतरचा पोशाख बहुतेक सार्वजनिक जागांना लागू असतो, तिथे बदलू नका. सुट्टीच्या मूडमधल्या मोठ्या जहाजांवर जेवणानंतर अर्धं थिएटर टी-शर्टमध्ये दिसतं. केबिनमध्ये किंवा अ‍ॅपवर रोजचं पत्रक येतं, त्यात त्या संध्याकाळच्या पोशाखाची एक ओळ असते. ती वाचा.

प्रश्न : बॅगेत सूट आणि ड्रेस चुरगळतात. छोटी इस्त्री किंवा वाफेचा स्टीमर नेऊ का?

उत्तर : नेऊ नका, दोन्ही. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. उष्णता देणारी अशी उपकरणं केबिनमध्ये वापरायला बहुतेक कंपन्यांची बंदी आहे. चढतानाच्या तपासणीत ती काढून घेतात आणि सफर संपताना परत देतात.

काही जहाजांवर प्रवाशांसाठी लॉण्ड्रीची खोली असते, तिथे इस्त्री मिळते. फॉर्मल रात्रीच्या दुपारी मात्र तिथे रांग लागते आणि मोठ्यांची भांडणंही मी पाहिली आहेत, म्हणून सकाळी नाश्त्याआधी जा. खोली नसेल तर चढल्या दिवशीच कपडे प्रेससाठी स्ट्युअर्डकडे द्या. त्याचे पैसे पडतात, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हँगरवर मिळण्याची शक्यता चांगली असते. एरवी ड्रेस बाथरूमच्या दाराला टांगा, गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं चालू ठेवा, दार लावून घ्या. सुती कपड्यावर याचा फारसा उपयोग होत नाही. लोकरी जॅकेटच्या पाठीवरच्या घड्या मात्र त्या वाफेने उतरतात.