थीम पार्कमधले जुने रोलर कोस्टर किती वर्षांनी बंद करावेत?

तुम्ही वर्षांचा आकडा विचारलात आणि खाली पुस्ती जोडलीत की "रंगरंगोटी आणि वेल्डिंग वेळेवर होत असेल तर पन्नास वर्षंही चालायला हरकत नसावी." ही पुस्ती वाचून लिहायला बसलो. मी धुळ्यात वेल्ड आणि शाफ्ट (यंत्राचे फिरते दांडे) तपासतो. हेच म्हणणं खानदेशातल्या यात्रांमधून पाळणेवाल्यांच्या तोंडी असतं, "चाली ऱ्हायना ना भाऊ, मंग कसाले खोलानं?" (चालतोय ना भाऊ, मग कशाला खोलायचा?) रंगाने तडा झाकला जातो आणि वेल्डिंगने बहुतेक वेळा तो दोन बोटं पलीकडे सरकतो. दोन्हीला दुरुस्ती म्हणू नका.

आधी आकड्याचं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा सायक्लोन १९२७ चा आहे आणि अजून चालतो. ओहायोतल्या किंग्ज आयलंडचा सन ऑफ बीस्ट २००० मध्ये सुरू झाला, २००९ मध्ये बंद पडला, २०१२ मध्ये पाडला. अमेरिकेतल्याच कॅरोविंड्स पार्कमधला फ्युरी ३२५ हा २०१५ चा. त्याच्या एका खांबाला गेलेला मोठा तडा जून २०२३ मध्ये आलेल्या एका पाहुण्याला दिसला. आठव्या वर्षी! त्यामुळे नुसत्या वयावरून काही ठरत नाही.

वर्षांपेक्षा चालण्याचे तास मोजा. अमेरिकेच्या एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात मुख्य सांगाड्याचा आराखडा किमान ३५,००० तास चालेल या हिशोबाने करायला सांगितलंय. पार्क वर्षाला ३०० दिवस, रोज १० तास चालत असेल तर १२ वर्षं पुरी व्हायच्या आत तेवढे तास भरतात. वर्षाला १५० दिवस, रोज ८ तास चालणाऱ्याला २९ वर्षं लागतात. तास भरले म्हणजे मोडीत काढा असं नाही, पण तिथून पुढे आराखड्याच्या भरवशावर चालवता येत नाही. तिथून पुढे तपासणीच्या भरवशावर चालवायचं.

आता ॲक्सल, म्हणजे चाकं ज्यावर बसतात तो दांडा. ओसाकाच्या एक्स्पोलँड पार्कात फूजिन राइजिन नावाचा उभं राहून फिरायचा कोस्टर १९९२ मध्ये सुरू झाला. ५ मे २००७ ला, ऐन सुट्टीच्या गर्दीत, धावत्या डब्याचा चाकाचा ॲक्सल तुटला. एक तरुणी जागीच गेली, १९ जण जखमी झाले. ॲक्सल धातूच्या थकव्याने तुटला होता. पंधरा वर्षांत तो एकदाही बदललेला नव्हता आणि तडे शोधायची वार्षिक तपासणी सुट्ट्यांनंतर करू म्हणून पुढे ढकललेली होती. रूळ जाग्यावर, खांब जाग्यावर, रंग चकचकीत. हा कोस्टर पंधरा वर्षांचा होता की पन्नास, याला इथे काय अर्थ आहे? ॲक्सल पाच वर्षांनी बदलला असता तर बातमीच झाली नसती.

थकवा म्हणजे झीज नव्हे. झिजलेलं बेअरिंग आवाज करतं, गरम होतं, आपल्याला कळतं. थकव्याचा तडा केसाएवढा सुरू होतो आणि प्रत्येक फेरीला कणभर वाढतो. शेवटी जेमतेम थोडं लोखंड उरतं आणि ते एका झटक्यात जातं. तडा कुठे धरतो तेही ठरलेलं आहे: शाफ्टचा व्यास जिथे जाडावरून बारीक होतो तो कोपरा, आट्यांची मुळं, की-वेचं (चावी बसवायच्या खाचेचं) टोक, वेल्डची कड. लेथवाल्याने तो कोपरा गोलाई न देता काटकोनात कापला असेल तर नवाकोरा शाफ्टही लवकर जातो.

तपासायला खोलावंच लागतं. ग्रीस आणि रंग पूर्ण काढायचा, पण तिथे ग्राइंडर फिरवायचा नाही. लोखंड पसरून तड्याचं तोंड बुजतं आणि तपासणी फुकट जाते. क्लीनरने धुऊन वाळवा, लाल डाय (तड्यात शिरणारा पातळ रंग) मारा, १०-२० मिनिटं मुरू द्या. मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. क्लीनर थेट शाफ्टवर फवारला की तड्यातली डायही निघून जाते. ही चूक मी म्हणतो दहातले सात जण करतात. वर पांढऱ्या डेव्हलपरचा (डाय शोषून वर आणणाऱ्या भुकटीचा) पातळ थर द्या आणि किमान दहा मिनिटं थांबा. तडा असेल तर लाल रेघ वर येते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे दुपारी करू नका, कारण उन्हातलं लोखंड ५० अंशांच्या वर जातं आणि डाय मुरायच्या आत वाळते. सकाळी सातला करा. डाय फक्त वरपर्यंत उघडा असलेला तडा दाखवते. बेअरिंगच्या आतल्या भागासाठी शाफ्टच्या टोकाकडून अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची तपासणी) लावावंच लागतं.

आणि ज्यावरून माझा बऱ्याच जणांशी वाद आहे ते वेल्डिंग. "वेल्ड मूळ लोखंडापेक्षा मजबूत असतो." ओढून तोडायच्या चाचणीत हे खरं आहे, पट्टी बाजूला तुटते, वेल्ड राहतो. पण पाळण्याच्या शाफ्टला कुणी एकदाच ओढत नाही. तो लाखो वेळा वाकतो, आणि अशा कामात वेल्डची कड हीच सगळ्यात कच्ची जागा. त्यातून शाफ्ट ईएन-१९ या मिश्र पोलादाचा असेल आणि २००-३०० अंशांपर्यंत न तापवता वेल्डिंग मारलं, तर वेल्डलगतची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. वेल्डिंगचा रॉड दमट असला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत आतल्या आत तडा जातो. अशा कामाचे ७०१८ नंबरचे रॉड ३००-३५० अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यायचे असतात. यात्रेत ६०१३ या साध्या रॉडचं उघडं खोकं सायंकाळच्या दवात पडलेलं असतं. रेल्वे ॲक्सलांची अल्ट्रासॉनिक तपासणी करते आणि तडा गेलेला ॲक्सल वेल्ड करून परत गाडीखाली घालत नाही. हे भुसावळच्या माणसाला सांगावं लागत नाही, मग पाळण्याच्या शाफ्टला वेगळा न्याय का? तडा गेलेला शाफ्ट भंगारात, तोही मधोमध कापून, म्हणजे पुन्हा कुणी विकत घेणार नाही.

यात्रेतले ड्रॅगन, टोराटोरा, आकाशपाळणे यांचे तास कमी भरतात, पण ते दर मुक्कामी सुटतात आणि जोडले जातात. प्रत्येक जोडणीत पिनांची भोकं थोडी लांबट होतात. पिन व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. नखाला पायरी लागली तर ती फेका. त्यात आपली काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि लाकडी गुटक्यांवर उभा केलेला सांगाडा एका बाजूला बसतो. मग चार पायांचा भार तिघांवर येतो. गुटके रोज सकाळी ओळंब्याने आणि लेव्हलने बघायला हवेत. पाऊस पडून गेला असेल तर दर दोन तासांनी.

वरचे सायक्लोन आणि सन ऑफ बीस्ट हे लाकडी कोस्टर सोडले तर हे सगळं लोखंडाचं. लाकडी कोस्टरचे रूळ आणि फळ्या तुकड्या-तुकड्याने बदलत राहतात, म्हणून शंभर वर्षांच्या गोष्टी ऐकू येतात. तिथे मूळ लाकूड फारसं उरलेलंच नसतं. पॉलियुरेथेनच्या चाकांबद्दलही मी लिहिलं नाही. ती उन्हात बसल्या बसल्या हबपासून सुटतात, दर हंगामात तपासावीतच. आणि आकडा हवाच असेल तर माझं मत: लोखंडी कोस्टर २५ वर्षांवर गेला की रूळाची जाडी पूर्ण लांबीभर मोजून घ्यावी, कारण नळीच्या आत पाणी शिरलं तर गंज बाहेरून दिसत नाही. त्याआधी ॲक्सल कधी बदलले याची तारखेनिशी नोंद मालकाला दाखवता आली नाही, तर तो कोस्टर तीन वर्षांचा असला तरी मी बंद ठेवायला सांगेन.

डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलात तर तिकीट काढायच्या आधी पाळण्याच्या पायाशी जा. गुटके एकावर एक किती रचलेत, पिनांना आर-क्लिप (पिन निसटू नये म्हणून लावायची तारेची क्लिप) आहेत की वाकवलेला खिळा, हे तिथूनच दिसतं. खिळा दिसला तर पोरांना वर बसवू नका.