वैश्विक किरणांतले दुर्मीळ कण साध्या प्लास्टिकने कसे शोधतात?

वैश्विक किरण म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण. प्रश्न रास्त आहे: वीज नाही, तारा नाहीत, मग प्लास्टिकला कण गेल्याचं कळतं कसं? जड, जास्त विद्युतभाराचा कण आरपार जाताना वाटेतल्या रेणूंच्या साखळ्या तोडतो. नंतर प्लास्टिकचे ते पत्रे गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवतात. दुखावलेली वाट बाकी प्लास्टिकपेक्षा लवकर विरघळते आणि शंकूसारखा खड्डा उरतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. खड्ड्याच्या आकारावरून कणाने किती ऊर्जा सोडली ते काढता येतं.

खरी गंमत उंबरठ्याची आहे. म्युऑनसारखे हलके, वेगवान कण खूणच ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांचा कितीही वर्षाव झाला तरी पत्रा कोरा राहतो. म्हणून तो वर्षानुवर्षं डोंगरावर ठेवता येतो. बोलिव्हियातल्या चाकालताया इथे, ५,२०० मीटरहून उंचावर, ‘स्लिम’ प्रयोगात ४०० चौरस मीटरहून जास्त पत्रे सुमारे चार वर्षं ठेवले होते. त्यात चष्म्याच्या काचांसाठी वापरतात तेच सीआर-३९ नावाचं प्लास्टिक होतं. शोध होता चुंबकीय एकध्रुवांचा, म्हणजे चुंबकाचा एकच ध्रुव असलेल्या, आजवर फक्त कल्पनेतल्या कणांचा, आणि ‘स्ट्रेंज’ नावाचे क्वार्क (एक प्रकारचे मूलकण) असलेल्या द्रव्याचा. एकही सापडला नाही, पण असे कण जास्तीत जास्त किती असू शकतात याची मर्यादा ठरली, आणि माझ्या मते तेही मोठंच यश आहे.